प्रयोगशाळा कोथरूडहून भोसरीला हलवायची आहे: एकदम की टप्प्याटप्प्याने?

अवक्षेप

अन्न आणि पाणी तपासणारी खासगी प्रयोगशाळा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन रासायनिक आणि जैविक दोन्ही विभागांना. सध्याची जागा ४२०० चौरस फूट, नवी जागा भोसरी एमआयडीसीत ८५०० चौरस फुटांचा गाळा, पाच मजली इमारतीत तिसरा मजला. बोलणी झाली आहेत, करारावर सही व्हायची आहे.

हलवायचं सामान: तीन एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफ), एक जीसी (वायू क्रोमॅटोग्राफ, एफआयडी आणि ईसीडी हे दोन डिटेक्टर), एक जीसी-एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला जीसी), एक आयसीपी-एमएस (प्लाझ्मावर सूक्ष्म धातू मोजणारं), एक एएएस (ज्योतीत धातू मोजणारं), चार फ्यूमहूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी कपाटं), दोन बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतूंचं काम करायची गाळलेल्या हवेची कपाटं), एक उणे ८० चा फ्रीझर, दोन ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर, मफल फर्नेस, पाच वजनकाटे. शिवाय विस्तार म्हणून एक नवी एचपीएलसी आणि एक एलसी-एमएस/एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला द्रव क्रोमॅटोग्राफ) घ्यायचं ठरलं आहे, ऑर्डर अजून गेलेली नाही.

मालकांचं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत सगळं उचलायचं, पाचव्या दिवशी सॅम्पल लावायचं. माझं म्हणणं, टप्प्याटप्प्याने दोन महिने घ्यावेत. तुमचं मत काय? आणि दुसरं, अशा कामात बजेटमध्ये हमखास काय सुटतं?

---

सातारी_कंदी

पाचव्या दिवशी सॅम्पल लागेल हो. कुठल्या सालच्या दिवाळीनंतरचा पाचवा दिवस, एवढं मालकांकडून लिहून घ्या.

---

शून्यबिंदू

एकदम की टप्प्याने हे नंतर बघू. सही झालेली नाही ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे. आधी हे तपासा: तिसऱ्या मजल्यावरून चार फ्यूमहूडचे डक्ट कुठून जाणार?

वर दोन मजले दुसऱ्यांचे. म्हणजे डक्ट बाहेरच्या भिंतीने गच्चीपर्यंत न्यावे लागणार आणि ब्लोअर गच्चीवर बसणार. डक्टच्या आतमध्ये कायम ऋण दाब हवा, म्हणजे सांधा गळला तरी धूर इमारतीत शिरत नाही. म्हणून ब्लोअर हूडच्या डोक्यावर न बसवता शेवटच्या टोकाला बसवतात. चिमणी गच्चीच्या वर निदान ३ मीटर, आणि तोंडावर टोपी नको. टोपीमुळे धूर खाली वळतो आणि शेजाऱ्याच्या एसीच्या तोंडात जातो. या सगळ्याला गाळेधारकांच्या सोसायटीची लेखी परवानगी लागते. ती करारासोबतच घ्या. नंतर मागायला गेलात की वरच्या मजल्यावरच्या माणसाला अचानक पर्यावरणाची काळजी वाटू लागते.

आता हवेचा हिशेब. हूडचं तोंड १.५ मीटर रुंद, सॅश (समोरची सरकती काच) अर्धा मीटर उघडी, तोंडाशी वेग सेकंदाला ०.५ मीटर धरला तर सेकंदाला ०.३७५ घनमीटर, म्हणजे तासाला १३५० घनमीटर, म्हणजे जवळपास ८०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). चार हूडचे ३२०० सीएफएम. एवढी हवा तुम्ही बाहेर फेकणार, तर तेवढीच आत यायला हवी, तिला मेकअप एअर म्हणतात. ती सोय नसेल तर दोन गोष्टी होतात: दरवाजा ओढून उघडावा लागतो आणि हूडचा वेग ०.३ वर येतो. मग डक्टवाला म्हणतो मोटर मोठी लावू. मोटरचा काही दोष नसतो, खोलीत हवाच नसते.

आणि ती आत येणारी हवा थंड करावी लागते. मे महिन्यात बाहेर ४०, आत २५ धरलं तर नुसत्या कोरड्या उष्णतेचा भार एका हूडमागे साधारण २ टन एसी. चारांचे ८. उपकरणांची उष्णता, माणसं, ओव्हन वेगळे. बजेटमध्ये काय सुटतं विचारलंत ना, त्यातलं पहिलं हे. गाळा बघताना चौरस फूट मोजले जातात, घनफूट कोणी मोजत नाही.

---

जास्वंद

+१. यात एक भर घालते. हूड दरवाजासमोर, येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा एसीच्या झोताखाली नको. माणूस समोरून चालत गेला तरी हूडमधली हवा बाहेर खेचली जाते. बायोसेफ्टी कॅबिनेटला तर हे जास्तच लागू, तिथे सगळा खेळ हवेच्या पातळ पडद्यावर आहे.

---

सातारी_कंदी

आमच्याकडच्या वास्तुशास्त्रीबुवांच्या मते हूड आग्नेयेला, ऑटोक्लेव्हही आग्नेयेला आणि मफल फर्नेसही आग्नेयेला. त्या कोपऱ्यात उभं राहायला जागा उरत नाही, पण शुभ आहे.

---

अर्थिंगवाला

विजेचं सांगतो. नव्या जागेचा मंजूर भार किती ते आधी विचारा. गाळ्यांना बहुधा कामापुरताच दिलेला असतो आणि वाढवून घ्यायला अर्ज, अंदाजपत्रक, भरणा, काम असे टप्पे जातात. इमारतीच्या ट्रान्सफॉर्मरमध्येच जागा नसेल तर विषय लांबतो. महावितरणकडचं हे काम करार झाल्याच्या आठवड्यात सुरू करा.

भार काढताना प्लेटवरचे आकडे नुसते बेरजेत घेऊ नका, पण जीसीच्या ओव्हनला सवलतही देऊ नका. ओव्हन तापताना २ किलोवॅटच्या वर घेतो. ऑटोक्लेव्ह, मफल फर्नेस, हॉट एअर ओव्हन यांचे हीटर एका वेगळ्या पॅनेलवर घ्या आणि विश्लेषणाच्या उपकरणांचं पॅनेल यूपीएसवर वेगळं. व्हॅक्यूम पंप सुरू होताना जो झटका घेतो त्याने जेमतेम मापाचा यूपीएस ट्रिप होतो, म्हणून जीसी-एमएस आणि आयसीपी-एमएसच्या यूपीएसला पुरेशी जादा क्षमता ठेवा. हूडचे ब्लोअर जनरेटरवर असायलाच हवेत. वीज गेली आणि आत आम्लात नमुना उकळतोय, ही वेळ येऊ देऊ नका.

अर्थिंग: उपकरणांसाठी स्वतंत्र खड्डे, १ ओहमच्या आत, तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत इन्सुलेटेड तांब्याची वेगळी तार. इमारतीच्या लिफ्टच्या अर्थिंगला जोडून देतो म्हणणारा ठेकेदार दारातून परत पाठवा. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज २ च्या आत आहे का, हे भर दुपारी सगळे गाळे चालू असताना मोजा. रविवारी मोजलं की सगळीकडे छान येतं.

---

तळटीप

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण इथे मालक आणि अवक्षेप दोघांच्याही योजनेत एकच भोक आहे.

मानांकन प्रयोगशाळेच्या नावाला मिळतं तसं पत्त्यालाही मिळतं. प्रमाणपत्रावर आणि स्कोपवर (मान्य चाचण्यांच्या यादीवर) जागा छापलेली असते. नव्या पत्त्यावर केलेल्या चाचणीच्या अहवालावर एनएबीएलचं चिन्ह लावायचं तर त्या जागेची तपासणी होऊन मंजुरी यावी लागते. आणि परीक्षक रिकामी खोली तपासत नाहीत. त्यांना उपकरण बसलेलं, कॅलिब्रेट झालेलं, पद्धतीची पडताळणी झालेली आणि माणूस काम करताना दिसला पाहिजे. म्हणजे आधी हलवायचं, मग मंजुरी. मधली फट कोणत्याच योजनेत टळत नाही.

चार दिवसांत हलवलं तर ही फट सगळ्या कामाला एकदम लागते. टप्प्याने हलवलं तर एकाच नमुन्याच्या निम्म्या चाचण्या कोथरूडला आणि निम्म्या भोसरीला. अहवालावर कुठली चाचणी कुठे झाली हे लिहावं लागतं, कोथरूडच्या आकड्यांना चिन्ह, भोसरीच्या आकड्यांना नाही. ग्राहक विचारतो हे काय. नमुन्यांची ने-आण, त्याची नोंद, त्याचं तापमान, दोन ठिकाणी अधिकृत सह्या करणारे लोक. दोन महिने हे चालवणं म्हणजे दोन प्रयोगशाळा चालवणं.

म्हणून बजेटमधला सगळ्यात मोठा सुटणारा आकडा ट्रकचा किंवा डक्टचा नाही. पगार, दोन्हीकडचं भाडं, सर्व्हिस करार चालू आणि बिलिंग नाही, असा काळ. तो किती आठवड्यांचा धरायचा ते मंडळाशी आधी बोलून ठरवा, पण शून्य धरू नका.

याच काळातली कामं दुसऱ्या मानांकित प्रयोगशाळेकडून करून घेता येतात. त्यासाठी आयएसओ १७०२५:२०१७ (प्रयोगशाळांचं मानक) च्या कलम ७.१.१ प्रमाणे ग्राहकाला आधी सांगून त्याची संमती घ्यायची, आणि ६.६ प्रमाणे त्या प्रयोगशाळेचं मूल्यमापन आपल्याकडे लेखी असायला हवं. हे करार प्रयोगशाळा हलवण्याआधी तीन महिने झालेले असावेत. एफएसएसएआयची अधिसूचना असेल तर तिकडे वेगळं कळवावं लागतं. एनएबीएलला कळवलं म्हणजे सगळ्यांना कळवलं असं होत नाही.

---

अवक्षेप

तळटीप, हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे मग मालक बरोबर?

---

तळटीप

नाही. मालकही चूक. विभागानुसार दोन उड्या मारा. रसायन एका उडीत, सूक्ष्मजीव दुसऱ्या उडीत. त्या दोघांचे नमुने, भांडी, माणसं आणि स्कोपची पानं तशीही वेगळी असतात, त्यामुळे अहवालात खिचडी होत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा नव्या जागेच्या सगळ्या सोयी आधी महिनाभर चालू होऊन तपासलेल्या असतील.

---

पिपेट_बहाद्दर

उपकरणं उचलण्याबद्दल. पहिली गोष्ट, जीसी-एमएस, आयसीपी-एमएस आणि एचपीएलसी उतरवणं आणि पुन्हा बसवणं हे कंपनीच्या इंजिनिअरकडूनच. परस्पर हलवलं तर वॉरंटी आणि सर्व्हिस करार दोन्हीवर प्रश्न येतो. आणि दिवाळीत इंजिनिअर मिळत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मालकांची योजना पडते.

हलवण्याआधी, उपकरण चालू असताना, पूर्ण पीएम (नियमित देखभाल) आणि एक सिस्टम सुटेबिलिटी (उपकरण नीट चालतंय का याची ठरलेली चाचणी) करून निकाल छापून ठेवा. तोच नमुना, तोच कॉलम, तीच पद्धत नव्या जागेत पुन्हा. "आधी असंच होतं" की "वाटेत बिघडलं" हा वाद त्या कागदाने मिटतो. विमा कंपनीसमोरही तोच कागद लागतो.

एचपीएलसी: बफर राहिला तर दोन दिवसांत चेक व्हॉल्व्हमध्ये मीठ धरतं. आधी पाण्याने, मग ५० टक्के मिथेनॉलने धुवा, लाइन रिकाम्या करा, कॉलम काढून दोन्ही टोकं बंद. ऑटोसॅम्पलरच्या हाताला ट्रान्सपोर्ट लॉक असतो, तो बसवताना लागणारा स्क्रू मूळ खोक्यात असतो आणि खोकं कोणीतरी रद्दीत दिलेलं असतं. आत्ताच मागवा.

जीसी: आधी ओव्हन, इनलेट, डिटेक्टर थंड, मग वायू बंद. उलट केलंत तर गरम कॉलममध्ये हवा शिरते आणि कॉलम जातो. कॉलम काढून टोकं जुन्या सेप्टममध्ये खुपसून ठेवा.

जीसी-एमएस: सोर्स आणि क्वाड (आतले तापणारे भाग) १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय व्हेंट करायचं (आत हवा सोडायची) नाही, टर्बो पंप पूर्ण थांबल्याशिवाय हलवायचं नाही. रफ पंपाचं तेल काढून घ्या, नाहीतर वाटेत ते नळीतून मशीनमध्ये जातं. पुन्हा बसवल्यावर रात्रभर पंप चालू द्या आणि सकाळी १८, २८, ३२ या वस्तुमानांचे पीक (पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन) बघा. २८ हे ३२ च्या चौपट आसपास दिसलं की ती हवाच, सैल नट शोधा. १८ मोठं असेल तर ओलावा आहे, त्याला वेळ द्या.

ईसीडी असेल तर थांबा. त्यात निकेल-६३ चा किरणोत्सारी स्रोत असतो. तो परमाणु ऊर्जा नियामक मंडळाच्या नोंदीत तुमच्या जुन्या पत्त्यावर आहे. ईलोरा पोर्टलवर आधी परवानगी, मग हलवणं. टेम्पोत टाकून नेला आणि नंतर कळवलं हे चालत नाही.

एएएस: ॲसिटिलीनचं सिलिंडर आडवं करून न्यायचं नाही. आत ॲसिटोनमध्ये वायू विरघळलेला असतो, आडवा केला की द्रव व्हॉल्व्हकडे येतो. आडवा झालाच तर उभा करून बरेच तास तसाच ठेवा, मग वापरा. नवी लाइन टाकताना ॲसिटिलीनला तांब्याची नळी कधीही नाही, स्फोटक ॲसिटिलाइड तयार होतं. दाब १ बारच्या आत.

---

शून्यबिंदू

वायूंच्या लाइनबद्दल पिपेट यांच्या पुढे. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर नकोतच. तळाला मोकळ्या हवेत गॅस बँक, तिथून एसएस ३१६ ची नळी वर. जोड कमीत कमी, शक्य तिथे ऑर्बिटल वेल्डिंग, बाकी डबल फेरूल. ठेकेदाराचं बिल देण्याआधी नायट्रोजन भरून २४ तास दाब धरून दाखवायला सांगा, तापमानाची नोंद सोबत.

आयसीपी-एमएस मिनिटाला १५ ते २० लिटर आर्गॉन खातं. ७ घनमीटरचं एक सिलिंडर साडेसहा तासांत संपतं. त्यामुळे बहुतेक जण द्रव आर्गॉनच्या ड्यूअरवर (थर्मासासारख्या टाकीवर) जातात. ड्यूअर किंवा द्रव नायट्रोजन लिफ्टने नेताना माणूस सोबत जात नाही. लिफ्ट एकटी पाठवायची, वर दुसरा माणूस घ्यायला उभा. अडकली तर आतली हवा संपते. आणि जिथे हे वायू आहेत त्या खोलीत ऑक्सिजन सेन्सर, अलार्म १९.५ टक्क्यांवर.

लिफ्टवरून आठवलं. लिफ्टचं दार, खोलीचं दार आणि वळण या तिन्हींची मापं घेतलीत का? बायोसेफ्टी कॅबिनेट स्टँडसकट २ मीटरच्या वर जातं आणि अरुंद दार त्याला पुरत नाही. प्रयोगशाळेची मुख्य दारं दोन पाखी ठेवा, एरवी एकच उघडं.

---

सातारी_कंदी

नाहीतर हायड्रा क्रेन बोलवून खिडकी फोडून आत घ्यायचं. फोडलेल्या खिडकीतून ताजी हवा येते, मेकअप एअरचा प्रश्न आपोआप सुटतो.

---

तळटीप

चढउतार करणाऱ्यांबद्दल गंभीरपणे: तुमच्या भागातली माथाडी मंडळाची व्यवस्था आधी समजून घ्या आणि नोंदीत टोळीच सांगा. ट्रक दारात उभा असताना हा विषय निघाला तर दिवस जातो, आणि उणे ८० चा फ्रीझर तुमच्यासाठी थांबत नाही.

---

जास्वंद

सूक्ष्मजीव विभाग. तळटीप यांच्या दोन उड्यांना पाठिंबा, पण ही उडी दुसरी ठेवा. नव्या बांधकामाची धूळ बसायला वेळ लागतो आणि त्या धुळीत बुरशी असते. खोली धुऊन, फ्यूमिगेशन करून, एचव्हीएसी (हवा खेळवण्याची यंत्रणा) चालू ठेवून ९० मिलिमीटरच्या सेटल प्लेट (हवेतले जंतू पडू द्यायला उघड्या ठेवलेल्या बशा) लावा आणि आकडे सलग काही आठवडे स्थिर येईपर्यंत थांबा. एकदा चांगला निकाल आला म्हणून सुरू करू नका.

बायोसेफ्टी कॅबिनेट हलवण्याआधी आतून निर्जंतुक करणं आणि नव्या जागेत पुन्हा प्रमाणित करणं दोन्ही सक्तीचं धरा. हेपा फिल्टरचं गॅस्केट धक्क्याने जरासं सरकतं, डोळ्यांना दिसत नाही. हवेचा वेग बरोबर येतो आणि गळती तपासणीत नापास होतं. ऑटोक्लेव्हला नव्या जागी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जंतूचे इंडिकेटर लावून भारासकट चाचणी. इनक्युबेटरचं नऊ बिंदूंचं मॅपिंग नव्याने, जुनं चालत नाही, कारण खोलीचं तापमान आणि एसीचा झोत बदललेला असतो.

संदर्भ कल्चर कधीही एका गाडीतून पाठवू नका. दोन संच, दोन गाड्या, दोन वेगळे दिवस. नेहमीचे प्रकार एनसीआयएमकडून (औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह) पुन्हा घेता येतात, पुण्यातच आहे, पण तुमच्याकडे स्वतः वेगळे केलेले असतील ते परत मिळणार नाहीत.

उणे ८० चा फ्रीझर: नवा किंवा भाड्याचा दुसरा फ्रीझर भोसरीत आधी चालू करा, डेटा लॉगर लावून एक दिवस रिकामा चालवा, मग नमुने कोरड्या बर्फात न्या आणि त्यात ठेवा. जुना फ्रीझर मग सावकाश रिकामा हलवा, उभाच न्या, आडवा करावा लागलाच तर चालू करण्याआधी २४ तास उभा ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल परत खाली येऊ द्या. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा असतो आणि त्याचा सगळा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून बंद गाडीत ड्रायव्हरजवळ खोका ठेवायचा नाही.

आणि पाण्याचे सूक्ष्मजीव नमुने साठवून ठेवता येत नाहीत, ते २४ तासांच्या आत लावायचे असतात. तेवढ्या काळासाठी ते दुसरीकडे पाठवायचं आधी ठरलेलं हवं. "दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवू" हे ऐकू आलं की तिथेच थांबवा.

---

नळीफुंक्या

एक वेगळं मत. इथे सगळे प्रत्येक उपकरणाचं पूर्ण आयक्यू, ओक्यू, पीक्यू (बसवणी, चालणं आणि कामगिरी यांच्या तपासण्या) करायला सांगणार, ते पैसे वाया आहेत. वॉटर बाथ इकडून तिकडे नेला तर ओक्यू कसला करता? आयएसओ १७०२५ मध्ये ६.४.४ एवढंच म्हणतं की वापरात आणण्याआधी उपकरण ठरलेल्या गरजा पुरवतं हे तपासा. किती तपासायचं ते तुम्ही ठरवा.

---

पिपेट_बहाद्दर

वॉटर बाथबद्दल बरोबर. यूएसपी १०५८ (अमेरिकी औषधसंहितेचं उपकरणांवरचं प्रकरण) मधलीही गटवारी, साध्या अ पासून गुंतागुंतीच्या क पर्यंत, तेच सांगते. पण आयसीपी-एमएस आणि जीसी-एमएस क गटातले, त्यांना पूर्ण ओक्यू टाळू नका. एचपीएलसीचं मॉड्यूल वेगळं करून हलवलं, तर पंपाचा प्रवाह, डिटेक्टरची तरंगलांबी, ओव्हनचं तापमान आणि इंजेक्टरची पुनरावृत्ती निदान एवढं.

काट्यांचं मात्र सगळे विसरतात. काटा वस्तुमान मोजत नाही, वजन मोजतो. ३ मीटर वर चढलात की गुरुत्वत्वरण दहा लाखांत साधारण एक भाग कमी होतं, म्हणजे २०० ग्रॅमवर ०.२ मिलिग्रॅम. चार दशांशांच्या काट्यावर हे दोन आकडे. जुनी जागा तळमजला आणि नवी तिसरा मजला असेल तर फरक सरळ दिसतो. आतल्या वजनाने ॲडजस्ट केलं की जातो, पण कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र जागेवरचं असतं, ते नवंच लागणार. कॅलिब्रेशनवाल्यांची तारीख आधी धरा.

आणि काट्याचं टेबल स्लॅबच्या मधोमध नको. खांबाजवळ किंवा भिंतीच्या कडेला. भोसरीत खालच्या गाळ्यात प्रेस चालू असेल तर मधोमध ठेवलेला पाच दशांशांचा काटा कधी स्थिर होत नाही.

---

नळीफुंक्या

खालच्या गाळ्यात काय चालतं हे अवक्षेप यांनी सांगितलंच नाही.

---

अवक्षेप

खाली सीएनसी मशीनिंग, एक प्रेस आहे बहुतेक. वर पॅकेजिंग.

---

शून्यबिंदू

मग सही करण्याआधी एक काटा तिथे नेऊन पूर्ण कामाच्या दिवशी ठेवून बघा. एवढी साधी चाचणी कोणी करत नाही. शक्य असेल तर पाचवा मजला मागा. डक्टचं अंतर कमी होतं, डोक्यावर कोणी नसतं. गच्ची तापते, पण इन्सुलेशन डक्टपेक्षा स्वस्त पडतं.

---

केशर_आंबा

नव्या जागेच्या बाबतीत एक गोष्ट कोणी लिहिली नाही: नवी जागा स्वतःच नमुन्यात उतरते.

आयसीपी-एमएसच्या ब्लँकमध्ये (नमुना न घालता केलेल्या चाचणीत) पहिले काही आठवडे कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम चढलेले दिसतात, ती सिमेंटची आणि पुट्टीची धूळ. टायटॅनियम रंगातलं. जस्त गॅल्व्हनाइज्ड डक्ट आणि सिलिंग चॅनलचं. जीसी-एमएसवर १४९ चा मोठा पीक आला तर तो फ्थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन), नव्या पीव्हीसी फ्लोअरिंगचा. २०७ आणि २८१ हे सिलिकॉनचे पीक दिसले आणि कॉलम नवा असेल तर बेंचच्या कडेचं सिलिकॉन सीलंट तपासा. अन्नातले फ्थॅलेट तपासत असाल तर त्या खोलीत पीव्हीसी फ्लोअरिंग घालूच नका, इपॉक्सी किंवा व्हिट्रिफाइड.

म्हणून रिकाम्या नव्या खोलीत ब्लँक आधी बघायला हवेत. बाटल्यांमध्ये आम्ल भरून उघड्या ठेवा, रोज एक बंद करा, आठवड्याने सगळ्या जुन्या जागेतल्या मशीनवर लावा. मशीन हलवण्याआधीच नव्या खोलीचं प्रदूषण कळतं.

शुद्ध पाण्याचं मशीनही आधीच बसवा. १८.२ मेगाओहम दाखवेल, पण त्याला मिळणारं पाणी वेगळं आहे. बोअरचं असेल तर कडकपणा आणि सिलिका तपासून आरओ आणि सॉफ्टनरची मापं ठरवा, नाहीतर काडतुसं महिन्यात संपतात.

---

जास्वंद

बाटल्यांची युक्ती फार आवडली. जपून ठेवते.

---

अर्थिंगवाला

संगणक कोणी घेतले नाहीत. उपकरणाला जोडलेला जुना विंडोज ७ चा पीसी हा त्या उपकरणाचा अर्धा भाग समजा. आयपी पत्ता, पीसीचं नाव, लायसन्सचं डोंगल, केबल कुठल्या पोर्टला होती, सगळं फोटोसकट लिहून ठेवा. पीसीचं नाव बदललं तर काही क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअर लायसन्स नाकारतं. बॅकअप घेतला एवढं पुरत नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नव्या जागेत सगळ्या पीसींची वेळ एका सर्व्हरशी जुळवा, नाहीतर ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअरच्या वेळेसकट नोंदीत) नमुना येण्याआधी निकाल लागलेला दिसतो.

---

केशर_आंबा

रसायनांचं थोडक्यात. हलवण्याआधी तीन महिने खरेदी थांबवा आणि कपाटं उपसा. निम्मं सामान मुदत संपलेलं निघतं, ते भोसरीला नेऊ नका. इथरच्या जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले तर झाकण फिरवायचं नाही, ती पेरॉक्साइडं असतात. पिक्रिक आम्ल कोरडं पडलेलं असेल तर बाटली उचलायचीही नाही, जाणकार माणूस बोलवायचा. सायनाइड आणि आम्लं एका गाडीत नाही, ऑक्सिडायझर आणि द्रावकं एका गाडीत नाही. गाडीसोबत ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं) आणि घातक मालाचं प्रशिक्षण घेतलेला ड्रायव्हर. स्वतःच्या कारच्या डिकीत परक्लोरिक आम्ल नेणारे लोक असतात, तुम्ही होऊ नका.

हेक्झेन पेट्रोलियम कायद्याच्या अ वर्गात येतं. विनापरवाना मर्यादा ३० लिटर, तेही काचेत असेल तर १ लिटरपेक्षा मोठी बाटली नको. नव्या जागेत साठा वाढवणार असाल तर हे आधी बघा. स्पिरिटचा राज्य उत्पादन शुल्कचा परवाना, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, सगळे पत्त्याला बांधलेले.

एन्टेरोकॉकाय जंतूंसाठी अझाइडची माध्यमं वापरत असाल, तर नव्या ड्रेनेजला तांबं किंवा शिसं कुठेही नको, स्फोटक क्षार तयार होतात. पॉलिप्रॉपिलीन घ्या.

---

अवक्षेप

सगळ्यांचे आभार. पाचव्या मजल्याची चौकशी सुरू केली, काटाही नेऊन ठेवणार. आता मालकांसमोर काय मांडायचं ते असं दिसतं: सोयी आधी पूर्ण, मग रसायन एका उडीत, मग सूक्ष्मजीव. दिवाळी रद्द. पण मधली फट छोटी कशी करायची हे अजून नीट कळलेलं नाही.

---

तळटीप

तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर आहे. नवी एचपीएलसी आणि एलसी-एमएस/एमएस. त्यांची डिलिव्हरी कोथरूडला घेऊच नका, थेट भोसरीला. विस्ताराची खरेदी पूल म्हणून वापरा. जुन्या तीन एचपीएलसी कोथरूडला कमावत असताना नवी भोसरीत बसते, तिच्यावर तुमच्या पद्धतींची पडताळणी सुरू होते, एकच राखीव नमुना दोन्हीकडे लावून सरासरी आणि विचलन यांची तुलना टी आणि एफ चाचणीने करता येते. जुनं सामान येईल तेव्हा खोली, पाणी, वीज, माणसं आणि कागद तयार असतात, आणि परीक्षकांना दाखवायला डेटा असतो. त्याच सुमारास येणारी प्राविण्य चाचणीची (एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन निकाल ताडून बघायची) फेरी बघून ठेवा, नव्या जागेतला पहिला बाहेरचा पुरावा तोच.

खरेदीच्या ऑर्डरवर "बसवण्याचा पत्ता भोसरी, साइट तयार झाल्याच्या लेखी सूचनेनंतर" असं लिहून घ्या. नाहीतर मशीन आधी येतं, पॅकिंगमध्ये पडून राहतं आणि वॉरंटीची तारीख चालू होते.

उड्यांची वेळ म्हणाल तर पावसाळा टाळा. दमटपणात उघडलेलं व्हॅक्यूम सिस्टम कोरडं व्हायला वेळ लागतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

---

नळीफुंक्या

मार्चअखेर ऑडिटच्या गर्दीत मंडळाची तारीख मिळेल का तेही बघा मग.

---

केशर_आंबा

आणि जुनी जागा? तीही कामाच्या यादीत घ्या. पाण्याची प्रयोगशाळा म्हणजे सीओडी (पाण्यातलं प्रदूषण मोजायची ऑक्सिजन-मागणीची चाचणी), म्हणजे पारा, चांदी, क्रोमियम. सिंकखालच्या ट्रॅपमध्ये पारा बसलेला असतो, प्लंबरला नुसतं "काढ" म्हणून सांगू नका. ट्रॅप बंद डब्यात काढून घातक कचरा म्हणून, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला. हूडचे जुने डक्ट, विशेषतः ज्यात परक्लोरिक वापरलं गेलं, ते पाण्याने धुतल्याशिवाय कापायचे नाहीत, आतल्या परक्लोरेट क्षारांना ग्राइंडरची ठिणगी पुरते. मग पृष्ठभाग पुसून नमुने तपासा, निकाल जागामालकाला लेखी द्या आणि जुने परवाने रद्द करून घ्या. संमतीपत्र तुमच्या नावावर चालू राहिलं आणि त्या जागेत उद्या कोणी प्लेटिंगचं दुकान काढलं, तर पहिली नोटीस तुम्हाला येईल.

---

सातारी_कंदी

आणि अनामत रक्कम?

---

केशर_आंबा

पुसलेल्या नमुन्यांचा निकाल हातात दिल्यावरच मागा. आधी मागितलीत तर जागामालक बेंचखालचा प्रत्येक डाग मोजतो.